मोटारीचे लहान दिवे : तंतुदीपाकडून एलईडीकडे

मराठीत ‘दिवा’ हा शब्द निदान तीन निरनिराळ्या गोष्टींना लावला जातो. ‘दिवा गेला’ असे म्हणताना बल्बामधील तार तुटली असा अर्थ असतो; ‘मागचा दिवा फुटला’ असे म्हणताना तांबड्या आवरणासह संपूर्ण घडण अभिप्रेत असते; आणि ‘दिवा दिसला म्हणून गाडी थांबवली’ या वाक्यात दिवा ही वस्तू राहत नाही, ती एक खूण होते. नित्याच्या व्यवहारात या संदिग्धतेने काही बिघडत नाही, कारण संदर्भाने अर्थ स्पष्ट होतो. परंतु मोटारीचे लहान बल्ब काढून त्यांच्या जागी एलईडी बसविण्याची जी पद्धत आज रूढ झाली आहे, तिचा विचार करताना हे तीन अर्थ वेगळे ठेवणे अगत्याचे ठरते. ‘दिवे बदलले’ असे म्हणणारा मनुष्य वस्तुतः पहिली वस्तू तेवढी बदलतो. दुसरी, म्हणजे परावर्तक आणि भिंग, जुन्याच बल्बासाठी घडविलेली राहते. तिसरी, म्हणजे खूण, बदलली की नाही याची त्याला कित्येकदा कल्पनाही नसते. या बदलाने काय साधते, काय बिघडू शकते आणि तो कोणत्या मर्यादेत करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. पुढच्या मोठ्या दिव्यांचा प्रश्न स्वतंत्र असल्याने तो येथे घेतलेला नाही.

हा प्रश्न पुनावळ्यासारख्या ठिकाणी विशेष निकडीचा आहे. पवनेकाठचे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. मुंबई-बेंगळूरु महामार्ग, म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८, येथून जातो. त्याच्या दोन्ही अंगांना सेवारस्ते आहेत आणि खालून भुयारी मार्ग आहे. त्यामुळे महामार्गावरील वेगवान वाहतूक आणि भुयारी मार्गापाशी पावलापावलाने सरकणारी मोटारींची व दुचाकींची रांग ही दोन्ही दृश्ये येथे हाकेच्या अंतरावर पहावयास मिळतात. दोन्ही ठिकाणी मागच्या वाहनचालकाचे डोळे पुढच्या वाहनाच्या लहान दिव्यांवर खिळलेले असतात. शिवाय पिंपरी, भोसरी, आकुर्डी व चाकण या औद्योगिक पट्ट्याशी या परिसराचा निकटचा संबंध आहे, आणि वाहनांची व त्यांच्या सुट्या भागांची चाचणी करणारी ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्थाही पुण्यातच आहे. जी वस्तू कारखान्यात मोजूनमापून बसविली जाते, तीच पुढे दुकानाच्या दारात पाच मिनिटांत बदलली जाते. या पाच मिनिटांत नेमके काय घडते, ते पाहू.

१. तंतू आणि अर्धसंवाहक

जुन्या बल्बात टंगस्टन धातूची बारीक तार असते. विजेच्या प्रवाहाने ती तापून पांढरी होते आणि तिच्यापासून उष्णता व प्रकाश दोन्ही बाहेर पडतात. त्यांत उष्णतेचा वाटा फार मोठा आणि प्रकाशाचा अल्प असतो. मोटारीत सर्वत्र आढळणारा पाच वॉटचा लहान बल्ब सुमारे ५० ल्यूमेन प्रकाश देतो. म्हणजे एका वॉटमागे जेमतेम दहा ल्यूमेन. एलईडीमध्ये तापणारी तार नसते. अर्धसंवाहकाच्या दोन थरांच्या संधीतून प्रवाह जाताना तेथेच प्रकाश उत्पन्न होतो. तोच ५० ल्यूमेन प्रकाश मिळविण्यास चांगल्या एलईडीला अर्धा ते एक वॉट पुरतो.

दृश्य तांबडा प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये सिद्ध केला. प्रखर निळा एलईडी मात्र १९९० नंतरच्या दशकात साधला. त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा तपशील येथे देण्याचे कारण असे की, बाजारातील ‘पांढरा’ एलईडी हा बहुधा निळाच असतो. त्याच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप दिलेला असतो आणि निळा व पिवळा मिळून डोळ्याला पांढरा भास होतो. तप्त तंतूच्या प्रकाशात तांबड्या अंशाची रेलचेल असते, तर या पांढऱ्या प्रकाशात तो अंश तोकडा असतो. याचा परिणाम पुढे तांबड्या आवरणाच्या संदर्भात दिसून येईल.

दोहोंत आणखी तीन भेद आहेत. पहिला भेद दिशेचा. तंतू ही जवळजवळ एक बारीक रेघ असून ती सभोवार प्रकाश टाकते. एलईडीचा प्रत्येक तुकडा आपल्या पुढच्या अंगालाच प्रकाश टाकतो. दुसरा भेद वेळेचा. थंड तंतू पूर्ण तेजाला येण्यास सुमारे एकपंचमांश सेकंद घेतो. एलईडी तत्क्षणी उजळतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एकपंचमांश सेकंदात सुमारे साडेचार मीटर पुढे जाते. म्हणजे पुढच्या गाडीचा ब्रेकचा दिवा एलईडीचा असेल, तर मागच्या चालकाला एका लहान मोटारीच्या लांबीहून थोडे अधिक अंतर मिळते. तिसरा भेद ध्रुवतेचा. तंतूतून प्रवाह कोणत्याही दिशेने गेला तरी चालतो. एलईडीला धन व ऋण टोके नेमकी लागतात. नवा बल्ब लागला नाही, तर तो सदोष आहे असे समजण्यापूर्वी उलट करून बसवून पहावा.

२. बल्बांची नावे आणि त्यांचे व्याकरण

गॅरेजमध्ये ‘पार्किंगचा बल्ब’, ‘ब्रेकचा बल्ब’, ‘रूम लाइट’ अशी कामावरून पडलेली नावे चालतात. कारखान्यांत आणि नियमांत मात्र सांकेतिक नावे आहेत, आणि ती जाणून घेण्यासारखी आहेत. ‘डब्ल्यू ५ डब्ल्यू’ या नावातील पहिले अक्षर पाचरीसारख्या बुडाचे, आकडा वॉटचा आणि शेवटचे अक्षर वॉट या परिमाणाचे आहे. धातूची टोपी नसलेला, काचेचेच बूड असलेला हा चिमुकला बल्ब दुकानांत ‘टी-१०’ म्हणून ओळखला जातो. त्यातील दहा हा आकडा मिलिमीटरांत त्याची जाडी सांगतो. ‘सी ५ डब्ल्यू’ हा दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला लांबट बल्ब होय. तो छताच्या व नंबरपाटीच्या दिव्यांत आढळतो. तो घेताना लांबी मोजून घ्यावी लागते, कारण ३१, ३६, ३९, ४१ मिलिमीटर अशा अनेक लांब्यांत त्याचे एलईडी पर्याय मिळतात. ‘पी २१ डब्ल्यू’ हा २१ वॉटचा बल्ब ब्रेक किंवा मागे जाण्याच्या दिव्यासाठी असतो. ‘पीवाय २१ डब्ल्यू’ हा त्याचाच नारिंगी काचेचा भाऊ दिशादर्शकासाठी योजतात. ‘पी २१/५ डब्ल्यू’ या बल्बात दोन तंतू असून एक ब्रेकचे व दुसरा मागच्या दिव्याचे काम करतो.

या नामावलीत एक प्रकारचे व्याकरण दडलेले आहे. ‘पी २१ डब्ल्यू’च्या टोपीवरील दोन खुंट्या समोरासमोर असतात, तर ‘पीवाय २१ डब्ल्यू’च्या खुंट्या जाणूनबुजून किंचित एका बाजूला सरकविलेल्या असतात. ‘पी २१/५ डब्ल्यू’च्या खुंट्या एकमेकींपेक्षा खालीवर असतात. हेतू असा की, नारिंगी बल्बाच्या जागी पांढरा अथवा दोन तंतूंच्या जागी एक तंतूचा बल्ब चुकूनही बसू नये. अर्थाचा घोटाळा होऊ नये म्हणून रूपच वेगळे केले आहे. एलईडी पर्याय हे रूप जसेच्या तसे उचलतो. आतले द्रव्य मात्र पूर्णपणे निराळे असते. बूड बसले म्हणून बल्ब जुळला असे होत नाही. उच्चार सारखा असून अर्थ भिन्न असलेल्या शब्दांनी जशी गफलत होते, तशीच ती येथेही संभवते.

३. आतील दिवे

मोटारीच्या आतील दिवे, म्हणजे छताचा, सामानाच्या कप्प्याचा, पायापाशी किंवा पुढच्या खणात असणारा दिवा, हे कोणालाही काही सांगत नाहीत. ते फक्त उजेड पाडतात. त्यामुळे एलईडीकडे वळण्यास हेच क्षेत्र सर्वांत निर्धोक होय. येथील लाभही ठळक आहे. छताचा दहा वॉटचा दिवा रात्री दहा तास चुकून चालू राहिला, तर बॅटरीतून सुमारे आठ अँपिअर-तास खर्ची पडतात. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरल्यास हा जवळजवळ चतुर्थांश भाग झाला, आणि बॅटरी जुनी असेल तर सकाळी गाडी सुरू न होण्यास एवढे पुरेसे आहे. एक वॉटचा एलईडी तेवढ्याच वेळात एक अँपिअर-तासही घेत नाही. याउलट ‘इंधन वाचते’ हे जे विक्रेते सांगतात, ते प्रमाणाने पाहता नगण्य आहे. गाडी धावत असताना दहावीस वॉटांची बचत जाणवण्याजोगी नसते.

रंगाची निवड मात्र विचारपूर्वक करावी. ‘पांढरा’ हा मराठी शब्द तंतूच्या पिवळसर उजेडालाही लावतात आणि निळसर चकचकाटालाही. प्रकाशाचा रंग केल्व्हिन या एककात सांगतात : सुमारे २७०० म्हणजे तंतूसारखा उबदार, ४००० च्या आसपास म्हणजे मध्यम, ६००० च्या वर म्हणजे निळसर. रात्री गाडी चालविणाऱ्याच्या डोळ्यांना अंधाराची सवय झालेली असते. छतावरचा निळसर प्रखर उजेड ती सवय मोडतो आणि पुढच्या काचेत प्रतिबिंबित होऊन रस्ता झाकतो. म्हणून आत उबदार किंवा मध्यम रंगाचा आणि मूळ बल्बाच्या फार पलीकडे न जाणारा प्रकाश पसंत करावा.

४. बाहेरील दिवे : खुणेचे मूल्य

बाहेरील दिव्यांचे कार्य उजेड पाडण्याचे नसून सांगण्याचे असते. येथे भाषाशास्त्रातील एक प्रसिद्ध विचार उपयोगी पडतो. फर्दिनां द सोस्यूर यांच्या व्याख्यानांवरून सिद्ध झालेला आणि १९१६ मध्ये प्रकाशित झालेला ग्रंथ असे प्रतिपादतो की, चिन्हाचे मूल्य त्याच्या अंगच्या गुणात नसते. त्याच व्यवस्थेतील इतर चिन्हांहून ते कसे वेगळे आहे, यात असते. मराठीत ‘काल’ आणि ‘खाल’ हे शब्द वेगळे ठरतात ते ‘क’ व ‘ख’ यांतील भेद ऐकणाऱ्याला कळतो म्हणून. दोन्ही कितीही मोठ्याने उच्चारले तरी तो भेद पुसला गेल्यास अर्थ हरवतो.

मोटारीच्या मागच्या बाजूची खूणव्यवस्था अशाच तीन विरोधांवर उभी आहे : रंगाचा विरोध, तेजाचा विरोध, आणि स्थिर व लुकलुकते यांचा विरोध. तांबडा मंद प्रकाश ‘येथे वाहन आहे’ असे सांगतो. तांबडा प्रखर प्रकाश ‘वेग कमी होत आहे’ असे सांगतो. दोहोंचा रंग एकच, कित्येक गाड्यांत जागाही एकच. भेद फक्त तेजाचा. ‘पी २१/५ डब्ल्यू’ बल्बाच्या मोठ्या तंतूचा प्रकाश ४४० ल्यूमेन आणि लहान तंतूचा ३५ ल्यूमेन ठरविलेला आहे. म्हणजे सुमारे बारास एक असे प्रमाण आहे. सुमार एलईडी पर्यायांत मंद अवस्थाच एवढी झगझगीत असते की, ब्रेक दाबल्यावर होणारी वाढ डोळ्याला जाणवत नाही. गाडीच्या मालकाला आपला दिवा पूर्वीपेक्षा ‘चांगला’ झाला असे वाटते. पावसाळ्याच्या रात्री महामार्गावर त्याच्या मागून येणाऱ्याला मात्र गाडी थांबते आहे हे कळतच नाही. प्रखरता वाढली आणि अर्थ नाहीसा झाला, असे हे उदाहरण आहे.

रंगाच्या बाबतीतही असेच घडते. तांबडे आवरण प्रकाशाला रंग देत नाही. ते आलेल्या प्रकाशातील तांबडा अंश तेवढा पुढे जाऊ देते. पांढऱ्या एलईडीत तो अंश मुळात थोडा असल्याने तांबड्या आवरणामागे पांढरा एलईडी बसविल्यास दिवा फिकट, प्रसंगी गुलाबीसर दिसतो. म्हणून तांबड्या आवरणामागे तांबडा व नारिंगी आवरणामागे नारिंगी एलईडीच वापरावा. येथे दुकानात शब्दांचा घोटाळा होऊ शकतो. दिशादर्शकाच्या रंगाला बोलण्यात ‘पिवळा’ म्हणतात, आणि ‘पिवळा एलईडी’ मागितल्यावर धुक्याच्या दिव्यासारखा लिंबोळी रंगाचा बल्ब हाती पडू शकतो. ‘नारिंगी’ किंवा ‘अंबर’ असे स्पष्ट म्हणावे आणि पेटवून पाहून घ्यावा.

दिशेचा भेदही येथे आड येतो. मागच्या दिव्याचा परावर्तक असा घडविलेला असतो की, तंतू ज्या बिंदूवर असावा तेथूनच प्रकाश येत आहे हे गृहीत धरून तो योग्य दिशांना पसरावा. एलईडीचे तुकडे त्या बिंदूपासून दूर अथवा सारे टोकाकडे तोंड करून बसविलेले असतील, तर मध्ये एक झगझगीत ठिपका व भोवती काळोख असे दिसते. समोरून पाहिल्यास तेज वाढलेले, तर शेजारच्या मार्गिकेतील दुचाकीस्वाराला काहीच न दिसणारे. सर्व अंगांना तुकडे बसविलेला आणि त्यांची जागा मूळ तंतूच्या जागेशी जुळणारा बल्ब हाच त्यातल्या त्यात बरा पर्याय होय.

५. दिशादर्शकाची लय

दिशादर्शकाचा एलईडी बसविल्यावर तो घाईघाईने लुकलुकू लागतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. याचे कारण बिघाड हे नसून एक जुनी सोय हे आहे. २१ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. त्यांतील एक बल्ब गेला की प्रवाह घटतो; लुकलुक घडविणारी यंत्रणा ही घट ओळखून वेग वाढविते आणि चालकाला बल्ब गेल्याचे कळते. एलईडी मुळातच अत्यल्प प्रवाह घेत असल्याने यंत्रणेला तो ‘गेलेला बल्ब’ वाटतो. काही गाड्यांत मध्यवर्ती संगणक प्रत्येक बल्बाची अशीच परीक्षा घेतो आणि एलईडी पाहून इशारा देतो. दिवा बंद असतानाही तो परीक्षेपुरते सूक्ष्म स्पंद पाठवितो, त्यामुळे एलईडी मंदपणे उजळत राहतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे बल्बाला समांतर असा सुमारे सहा ओहमचा रोधक जोडणे. तो जुन्या बल्बाएवढा प्रवाह घेऊन यंत्रणेचे समाधान करतो. पण त्यामुळे विजेची बचत संपते, आणि २५-३० वॉट उष्णता त्या चिमुकल्या रोधकातून बाहेर पडते. तो धातूच्या पत्र्यावर न बसविता प्लॅस्टिकला किंवा तारांच्या जुडग्याला टेकला, तर ते वितळण्याचा, प्रसंगी पेट घेण्याचा धोका असतो. दुसरा उपाय म्हणजे एलईडीसाठी बनविलेला फ्लॅशर रिले बसविणे. जेथे असा रिले सुटा असतो, तेथे हा उपाय अधिक स्वच्छ आहे. मात्र बल्ब गेल्याची सूचना त्यानंतर मिळत नाही. सारांश, दिशादर्शकात एलईडीने मिळणारा लाभ थोडा व करावी लागणारी उठाठेव मोठी आहे. हा बल्ब सर्वांत शेवटी बदलावा. न बदलल्यासही काही हानी नाही.

६. उष्णता, ओल आणि आयुष्य

तंतू नसल्याने एलईडीला खड्ड्यांच्या व गतिरोधकांच्या धक्क्यांचे भय नसते, हा त्याचा खरा गुण आहे. तथापि तो अमर नाही. त्याची थोडी उष्णता पुढे न जाता बुडाशीच साठते. बंद दिव्यात, उन्हात तापलेल्या गाडीत, लहानशा बल्बाला ती बाहेर टाकण्यास जागा नसते. बहुधा एलईडीच्या आधी त्याचा प्रवाह नियंत्रित करणारा भाग निकामी होतो. फक्त रोधकावर विसंबणाऱ्या स्वस्त बल्बापेक्षा प्रवाह स्थिर राखणारा बल्ब अधिक टिकतो, कारण गाडी चालू असताना ‘१२ व्होल्ट’ची बॅटरी प्रत्यक्षात १४ व्होल्टांच्या आसपास असते. तसेच जुन्या बल्बाच्या उष्णतेने दिव्यातली ओल सुकत असे. एलईडीने ते काम होत नाही. पावसाळ्यात आवरणाच्या आत बाष्प साचलेले दिसल्यास दिव्याचे रबर तपासावे.

७. नियम आणि परीक्षा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी वर सांगितलेले विरोधच कायद्याच्या भाषेत बांधून दिले आहेत. पुढे तांबडा व मागे तांबड्याखेरीज अन्य रंगाचा प्रकाश दिसू नये, हा सामान्य नियम आहे. दिशादर्शक, नंबरपाटी व मागे जाण्याचा दिवा हे त्याचे अपवाद होत. नंबरपाटीवर पांढराच उजेड असावा आणि दिशादर्शक नारिंगी असून मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा, असेही त्यांत सांगितले आहे. दिव्याला मिळालेली मान्यता त्यात योजलेल्या जातीच्या बल्बासह मिळालेली असते, हेही विसरता कामा नये. ती केवळ बूड जुळले म्हणून दुसऱ्या बल्बाला लागू होत नाही.

तरीही बाहेरचा बल्ब बदलावयाचा झाल्यास क्रम असा ठेवावा : प्रथम आतील दिवे, मग नंबरपाटी, त्यानंतर पार्किंगचे दिवे. ब्रेकचा व मागचा दिवा पुढील परीक्षेशिवाय बदलू नये. एका बाजूला जुना व दुसऱ्या बाजूला नवा बल्ब बसवावा. एकाने ब्रेक दाबावा आणि दुसऱ्याने तीसचाळीस पावले मागे उभे राहून पहावे. एकदा भर दुपारी व एकदा अंधार पडल्यावर, एकदा सरळ मागून व एकदा तिरके उभे राहून. नव्या बल्बाच्या मंद व प्रखर या अवस्थांतील अंतर जुन्याइतके स्पष्ट दिसत नसेल, तर तो कितीही तेजस्वी असला तरी काढून टाकावा. जुने बल्ब जपून ठेवावेत. दिशादर्शकाची लुकलुक घड्याळ लावून मोजावी.

या परीक्षेत निवाडा करणारा मनुष्य गाडीत बसलेला नसून मागे उभा असतो, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गाडीचा मालक आपले मागचे दिवे चालताना कधीच पाहत नाही. पुनावळ्याच्या भुयारी मार्गापाशी संध्याकाळी थबकलेल्या रांगेत प्रत्येक चालक पुढच्याचे दिवे वाचत असतो आणि त्याचे दिवे मागचा वाचत असतो. त्यामुळे ‘चांगला दिवा’ कोणता हे ठरविण्याचा अधिकार, भाषेत ऐकणाऱ्याकडे असतो तसा, येथे त्या मागच्या माणसाकडे जातो. आणि नवा बल्ब विकत घेताना त्याच्याच डोळ्यांनी तो पहावयास हवा.